तीन किलोची लेन्स आणि वीस आकडे

आमच्या सासूबाईंशी भांडणे फार अवघड आहे. आपण तावातावाने एक वाक्य फेकावे आणि समोरून काहीच येऊ नये. म्हणजे येते, पण वीस आकड्यांनंतर. त्या मनात एक ते वीस मोजतात आणि मगच तोंड उघडतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटले, बाईंना कमी ऐकू येते. म्हणून मी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायची, आणि त्यांचे मोजणे पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. दूध कोणामुळे उतू गेले एवढ्या एका प्रश्नावर आमचा पाऊण तास गेलेला मला आठवतो. शेवटी दूध माझ्यामुळेच उतू गेले होते, हेही आठवते.

ही सवय त्यांना लागली ती एका लेन्समुळे.

सासूबाई बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या. चौतीस वर्षे एकाच उंच स्टुलावर बसून त्यांनी गटारे काढली, पूल काढले, शाळांच्या भिंती काढल्या, आणि कधीच बांधला न गेलेला एक पोहण्याचा तलावही काढला. पण खात्यात सगळे त्यांना ओळखत ते धुरांड्याच्या फोटोमुळे. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर काचेचा एक जुना कारखाना आहे. तो बंद पडून जमाना झाला, आत आता गोदामे आहेत. त्याचे विटांचे उंच धुरांडे मात्र तसेच उभे आहे. तेवीस वर्षांपूर्वी त्याच्यावर वीज पडली आणि वरच्या भागात एक उभी फट गेली. धुरांड्याच्या पायथ्याशी बारा घरांची एक ओळ आहे. खाली दुकान आणि वर राहायची खोली. धुरांडे पाडायचे तर आधी ही ओळ रिकामी करायला हवी, आणि ओळ रिकामी करायची तर त्या माणसांना कुठेतरी न्यायला हवे. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मधला मार्ग काढला. फट वाढत नसेल तर धुरांडे राहू द्या, वाढली तर बघू.

पण ती वाढते आहे की नाही, हे कळायचे कसे? धुरांड्याच्या लोखंडी पायऱ्या गंजून गळायला आल्या होत्या. वर चढायचे नाव काढले की ज्याला त्याला आपले जुने दुखणे आठवायचे. तेव्हा स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या, "मी दरवर्षी खालून फोटो काढते. एकाच जागेवरून, एकाच लेन्सने. मग पडताळून बघता येईल."

त्या ओळीतले सातवे घर त्यांच्या धाकट्या बहिणीचे. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मावशीचे. मावशींची तिथे लाँड्री आहे.

लेन्स खात्याच्या कपाटात पडून होती. पुलांचे खांब तपासायला म्हणून कोणीतरी कधीकाळी मागवलेली. हातभर लांब, काळी, आणि वजन तीन किलोला थोडेसे कमी. तिच्यावर एकच रुंद कडे आहे. ते फिरवले की चित्र स्पष्ट होते, आणि पुढेमागे सरकवले की लहानमोठे होते. पुढे ढकलले की धुरांडे लांब जाते, आपल्याकडे ओढले की जवळ येते. ती इतकी जड आहे की तिला कॅमेऱ्यावर लावतच नाहीत. स्टँडवर लेन्स बसवायची आणि तिच्या मागे कॅमेरा लावायचा, एवढाच त्याचा मान. माझी मुलगी जन्मली तेव्हा या लेन्सपेक्षा दोनशे ग्रॅमने हलकी होती. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा उचलले ते एक हात खाली, एक हात वर, आणि डोके आपल्या खांद्याच्या बाजूला. नर्स म्हणाली, वा, सवय दिसते. मी मनात म्हटले, आहे ना, पण बाळांची नाही.

फोटो काढायचा दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे, कारण तेव्हा ऊन बाजूने येते आणि फटीत सावली पडते. कारखान्यासमोरच्या मैदानाच्या कडेला सिमेंटमध्ये एक खिळा ठोकलेला आहे. त्या खिळ्यावर बरोबर ओळंबा येईल असा स्टँड मांडायचा. लेन्सचे तोंड वर धुरांड्याकडे करायचे. कडे एका पांढऱ्या ठिपक्यापर्यंत सरकवायचे. तो ठिपका सासूबाईंनी पहिल्याच वर्षी नेलपॉलिशने लावला होता, आणि त्यांनी आयुष्यात विकत घेतलेली ती एकमेव नेलपॉलिश. मग फट नीट स्पष्ट करायची आणि दोन पावले मागे यायचे. एवढी जड वस्तू हात लावल्यावर बराच वेळ थरथरत राहते. डोळ्यांना ते दिसत नाही, फोटोत दिसते. म्हणून हात पाठीमागे बांधून, धुरांड्याकडे बघत, एक ते वीस मोजायचे. मग लांब वायरच्या टोकाचे बटण दाबायचे.

फोटो दरवर्षी एकाच मापाचा छापून घ्यायचा आणि फटीवर पट्टी ठेवायची. चौदा सेंटीमीटर. पहिल्या वर्षी चौदा, पाचव्या वर्षी चौदा, माझे लग्न झाले त्या वर्षी चौदा. आकडा खात्यात लिहून दिला की सासूबाई सरळ मावशींच्या लाँड्रीत जायच्या. मावशी इस्त्रीवरून मान वर करायच्या.

"ताई, किती?"

"चौदा."

"बरं." आणि पुन्हा इस्त्री सुरू.

दोघी बहिणींचा तो दिवस एवढाच असायचा. पण मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाकी वर्षभर मी त्या धुरांड्याकडे बघतसुद्धा नाही गं. ताई बघते, मग मी कशाला बघू?"

सासूबाई निवृत्त झाल्या तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचे घड्याळ देऊ केले. त्यांनी वीस मोजले आणि लेन्स मागितली. खात्यालाही ती कपाटात अडचणच होती. धुरांड्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहिले, कारण खिळा कुठे आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. मध्ये एकदा खात्याने उडत्या कॅमेऱ्याने फोटो काढून पाहिले. सुरेख आले. पण दरवेळी वेगळ्या जागेवरून आले आणि जुन्याशी पडताळता येईनात.

त्याच सुमारास फिल्म धुऊन देणारे शेवटचे दुकान बंद झाले. नवऱ्याने आईसाठी आजकालचा कॅमेरा आणला. फिल्मच्या चौकटीएवढाच मोठा सेन्सर आत असलेला हवा, लहान चालणार नाही, नाहीतर फोटोचे माप बदलेल, असे सासूबाईंनी बजावले होते. दुकानदाराने म्हणे घाम पुसला. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायला मध्ये एक जोडकडे लागते, तेही आणले. पहिल्यांदा सगळे जोडले, बटण दाबले, आणि पडद्यावर अक्षरे आली: 'लेन्स जोडलेली नाही.' तीन किलोची लेन्स पुढे, अंगठ्याएवढा कॅमेरा मागे, आणि तो म्हणतो लेन्स नाही! मला हसू आवरेना. सासूबाई मात्र कॅमेऱ्याची बाजू घेत म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. ही त्याच्याशी बोलत नाही, त्याला कसं कळणार?" मग माझ्या नवऱ्याने कुठल्यातरी यादीत शिरून कॅमेऱ्याला समजावले की लेन्स असो नसो, सांगितले की फोटो काढायचा.

सासूबाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हेत. त्यांनी शाळेच्या भिंतीचा फोटो उरलेल्या फिल्मवर काढून दुसऱ्या गावी धुवायला पाठवला, आणि तोच नव्या कॅमेऱ्यावरही काढला. दोन्हींवर पट्टी ठेवली. तिळभर फरक नव्हता. "आता हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि आठवडाभर आपल्या थोरल्या भावाकडे राहायला गेल्या.

आणि मी शेण खाल्ले.

माझा हेतू चांगला होता, हे मी सांगून ठेवते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर माणसे घाईत येतात, मी घाईत देते. थांबणे मला जमत नाही, आणि कोणासाठी काही करायचे तर तेही झटपट. लेन्समध्ये बुरशीचे बारीक धागे दिसायला लागले होते. कडे इतके घट्ट झाले होते की ते सरकवताना सासूबाईंचे मनगट दुखायचे. रात्री त्या मलम चोळायच्या. मी लेन्स मुलीच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेली. म्हातारा कसबी होता. "आतलं ग्रीस गोंदासारखं झालंय," तो म्हणाला. चार दिवसांनी त्याने लेन्स परत दिली तेव्हा काचा पाण्यासारख्या स्वच्छ होत्या आणि कडे एका बोटाने सरकत होते.

सासूबाई परतल्यावर मी लेन्स त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कडे पुढे केले, मागे केले. वीसपर्यंत मोजून म्हणाल्या, "माझं मनगट वाचवलंस गं." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दुकानात मी एका माणसाशी चक्क सावकाश बोलले.

महिन्याने फोटोचा दिवस आला. सगळे नेहमीसारखे. खिळा, ओळंबा, ठिपका, दोन पावले मागे, वीस आकडे. फोटो छापून आला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी ठेवली, आणि मग तशाच बसून राहिल्या. त्यांचे वीस संपून किती वेळ झाला तरी त्या बोलेनात.

"आई?"

"साडेपंधरा."

मी पट्टी घेऊन स्वतः मोजले. साडेपंधराच. मला आधी आठवल्या मावशी, त्यांच्या खिडकीतल्या घड्या घातलेल्या शर्टांच्या थप्प्या, आणि वर सरळ उभे असलेले ते धुरांडे.

"उद्या परत काढू," मी म्हटले. "आजच कशाला कोणाला सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी परत काढला. परत साडेपंधरा, केसाचाही फरक नाही. माझी खात्री पटली. सासूबाईंनी कागदावर आकडा लिहिला, सही केली आणि त्याच सकाळी खात्यात देऊन आल्या. मग लाँड्रीत गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते.

मावशी एका शर्टाची कॉलर इस्त्री करत होत्या. "ताई, किती?"

"साडेपंधरा."

मावशी हसल्या. ताई कधी नव्हे ती थट्टा करते आहे असे त्यांना वाटले. मग त्यांनी ताईचा चेहरा पाहिला.

"कागद दिलास?"

"दिला."

"मला आधी सांगायला आली नाहीस."

सासूबाईंनी वीस मोजले. तेवढा वेळ इस्त्री कॉलरवर तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला.

"आधी सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी थांबले असते."

मावशींनी इस्त्री उचलून उभी ठेवली. करपलेल्या कॉलरकडे बघत त्या म्हणाल्या, "जा तू आता." आम्ही निघालो. पाठीमागून हाक येईल म्हणून सासूबाई कोपऱ्यापर्यंत अगदी हळू चालल्या. हाक आली नाही.

चौथ्या दिवशी बाराही दारांवर नोटिसा लागल्या. पंधरा दिवसांत घरे रिकामी करावीत, धुरांड्याचा वरचा भाग उतरवण्यात येईल. परत कधी यायचे, यायचे की नाही, याबद्दल नोटिशीत एक अक्षर नव्हते. ओळीत सायकल दुरुस्तीचे दुकान असलेल्या सायकलवाल्याने सामान बांधायला सुरुवात केली. मावशींनी गिऱ्हाइकांचे कपडे परत करायला घेतले. आमचे कपडेही एका पिशवीतून आले, दुसऱ्या कोणाच्या हातून. सासूबाईंच्या साड्यांच्या घड्या नेहमीसारख्याच सुबक होत्या. ती पिशवी घेऊन त्या बराच वेळ दारात उभ्या होत्या.

नोटीस लागल्यानंतर आठव्या दिवशी दुपारी मी टेबल आवरत होते. लेन्स तिथेच पडून होती. त्या दिवसापासून कोणी तिला हात लावला नव्हता. समोरची काच पुसावी म्हणून मी तिला खिडकीत उभी केली, तोंड वर करून. पुसून बाजूला झाले, तर ते रुंद कडे आपोआप खाली येताना दिसले. सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखे. पांढऱ्या ठिपक्यावरून बोटभर खाली येऊन शेवटाला टेकले आणि थांबले. मी ते वर ठिपक्यावर नेले, हात सोडला आणि मोजायला लागले. सतरा म्हणेपर्यंत कडे पुन्हा तळाशी.

आता माझ्या लक्षात आले. आतले ग्रीस गोंदासारखे होते तोवर कडे ठेवू तिथे राहत होते. मी ते साफ करून आणले. आता लेन्सचे तोंड वर केले की कडे आपल्याच वजनाने खाली घसरत होते, म्हणजे धुरांडे जवळ येत होते, मोठे होत होते. आणि नेमका तोच वेळ सासूबाई हात पाठीमागे बांधून, लेन्सकडे न बघता, वीसपर्यंत मोजत होत्या. फोटो काढून झाला की न बघता कडे मागे ओढून टोपण लावायची त्यांच्या हाताची सवय. ते आधीच मागे आलेले आहे, हे हाताला कळणार कसे? दोन्ही दिवशी कडे त्याच शेवटाला जाऊन टेकले, म्हणून दोन्ही दिवशी साडेपंधरा.

खरे सांगते, क्षणभर माझ्या मनात आले की गप्प बसावे. पण मला गप्प बसायला जमत असते तर काय हवे होते! मी आतल्या खोलीत गेले आणि एका दमात सगळे ओकले. दुरुस्तीवाला, ग्रीस, खिडकी, सतरा. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर मनात मोजत उभी राहिले. असे लांबलचक वीस मी आयुष्यात मोजले नाहीत.

"विटा मोज," त्या म्हणाल्या.

आम्ही गेल्या वर्षीचा आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवला. फटीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत विटांचे थर. जुना मी मोजला, नवा त्यांनी, टाचणीच्या टोकाने एकेक थर धरत. माझे बासष्ट झाले. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"बासष्ट," त्या म्हणाल्या.

फट वाढली नव्हती. अख्खा फोटोच वाढला होता, विटांसकट. जुन्या फोटोच्या वरच्या कडेला धुरांड्याचा काठ दिसत होता, नव्यात तो चौकटीबाहेर गेला होता, आणि ते आमच्या कोणाच्या लक्षात आले नव्हते. मला वाटले आता त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं फट मोजली मी. वीट एकदाही मोजली नाही." आणि चपला घालून खात्याकडे निघाल्या.

खात्यातले सध्याचे साहेब वयाने लहान. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, स्वतः थर मोजले, आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

"बाई, तुमची बहीण त्या ओळीत राहते ना?"

"हो."

"लोक म्हणतील, बहिणीसाठी आकडा फिरवला."

सासूबाईंनी मोजून घेतले. "म्हणून मी हात लावणार नाही. उद्या आठ वाजून दहाला तुम्ही या. फोटो तुम्ही काढायचा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर ओळीतली सगळी माणसे जमली. काहींच्या हातात अजून सुतळी होती. सासूबाई चार पावले लांब उभ्या राहून तोंडाने सांगत होत्या आणि साहेब करत होते. ओळंबा खिळ्यावर यायला त्यांना बारा मिनिटे लागली. मग त्यांनी कडे ठिपक्यावर आणले आणि हात सोडला. सगळे कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्याभोवती दाटीवाटीने वाकले. आधी काहीच नाही. मग पडद्यावरचे धुरांडे हळूहळू फुगायला लागले.

"अहो, घसरतंय की ते!" सायकलवाला ओरडला. "आणि मी बिछानेसुद्धा बांधले!"

आता कडे जागेवर रोखून धरायचे कशाने? साहेबांनी हाताने धरले तर सगळेच हलायला लागले. कोणी सुतळी पुढे केली, ती निसटली. तेवढ्यात मावशी लाँड्रीतून बाहेर आल्या. पायजम्यांना घालायचे रुंद इलॅस्टिक त्यांच्या हातात होते. त्या ताईकडे न बघता सरळ स्टँडपाशी गेल्या, कड्याच्या खाली इलॅस्टिकचे तीन घट्ट वेढे दिले, गाठ मारली, आणि आल्या तशा दारात जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी कडे ठिपक्यावर आणून सोडले. ते राहिले.

साहेब मोठ्याने मोजायला लागले. पाच-सहाच्या आसपास सायकलवाल्याने सूर धरला, मग बाकीच्यांनी. अख्खी ओळ वीसपर्यंत मोजत होती. न मोजणारी माणसे दोनच होती. सासूबाई, त्यांचे डोळे मिटलेले होते; आणि मावशी, त्या ताईकडे बघत होत्या.

फोटो छापून आला तेव्हा साहेबांनीच पट्टी ठेवली. चौदा. थर बासष्ट. संध्याकाळपर्यंत बाराही दारांवरच्या नोटिसा उतरल्या. साहेब जाताना सासूबाईंना म्हणाले, "पहिला कागद तुम्ही बहिणीच्या विरुद्ध दिला होतात, बाई. नाहीतर मी आज आलोच नसतो."

चूक कशी झाली, ते लेखी द्यावे लागणार होते. मी तयारीत होते. दुरुस्तीवाल्याची पावती, माझे नाव, सगळे. पण सासूबाई तो कागद आधीच देऊन आल्या होत्या. त्याची प्रत मला त्यांच्या टेबलावर सापडली. नकाशावरच्यासारख्या नेटक्या अक्षरात दोनच ओळी: 'लेन्स साफ झाल्यानंतर ती पुन्हा न तपासता वापरली. चूक माझी आहे, अन्य कोणाचा संबंध नाही.' मला तिथेच रडू फुटले. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

"आई, हे खोटं आहे. साफ मी करून आणली."

त्यांनी मोजले. "साफ तू केलीस. मोजलं मी."

त्या कागदाचे व्हायचे तेच झाले. महिन्याभराने खात्याचे पत्र आले: आजवरच्या सेवेबद्दल आभार, यापुढे धुरांड्याची पाहणी एका कंपनीकडून यंत्राने होईल. सासूबाईंनी पत्र घडी घालून फायलीत ठेवले आणि लेन्स कपाटावर ठेवून दिली. इलॅस्टिकसकट. त्या दुःखी दिसत नव्हत्या, पण सकाळी उगाच लवकर उठून बसायच्या. मावशींशी बोलणे सुरू झाले होते, पण कामापुरते. कपडे झाले आहेत, घेऊन जा. या रविवारी दुकान बंद आहे. ओळ वाचली होती, तरी ती करपलेली कॉलर दोघींच्या मध्ये तशीच होती. मला ते बघवत नव्हते, आणि त्यात माझा हात असल्यामुळे तोंडही उघडता येत नव्हते.

वर्ष गेले. फोटोचा दिवस आला. कंपनीची माणसे आठवड्यापूर्वीच येऊन मोजून गेली होती, अहवाल ओळीतल्या दारांवर लागला होता: बदल नाही. सासूबाई पावणेआठलाच केस विंचरून, बाहेर जायची साडी नेसून खिडकीशी बसल्या होत्या. कुठे निघालात, असे मी मुद्दाम विचारले नाही.

आठला पाच कमी असताना त्यांचा फोन वाजला. मावशींचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. लाँड्रीतल्या यंत्रामुळे त्यांना मोठ्याने बोलायची सवय आहे.

"ताई, आठ वाजत आले. आहेस कुठे?"

"घरी. त्या कंपनीनं मोजलं ना. कागद लावलाय तुमच्या दारावर."

"लावलाय. चार पानं आहेत. मला त्यातलं काही कळत नाही, आणि आठवडा झाला, मला धड झोप नाही. तू ये आणि मोज. मग मी नाही बघणार त्याच्याकडे वर्षभर."

मी सवयीने मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन.

"आले," सासूबाई म्हणाल्या.

त्या चपला शोधायला धावल्या. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मी स्टूल ओढले, कपाटावरून लेन्स खाली काढली. एक हात खाली, एक हात वर.